'दूर' कोणापासून? : एका अंतरवाचक शब्दाची नीतिमीमांसा

इंग्रजीतील 'फार' हा अंतरवाचक शब्द आणि मराठीतील 'फार' हा परिमाणवाचक शब्द यांचे उच्चार जवळजवळ सारखे असावेत, हा निव्वळ योगायोग आहे. मराठी 'फार' संस्कृत 'स्फार'पासून, म्हणजे विपुल, विस्तीर्ण या अर्थाच्या शब्दापासून आला. इंग्रजी 'फार'चे मूळ ज्या इंडो-युरोपीय धातूत शोधले जाते, त्याचे संस्कृतातील अपत्य 'पर' हे आहे. योगायोगाची गंमत अशी की, इंग्रजी शब्दही केवळ अंतर सांगून थांबत नाही; 'फार बेटर' म्हणताना तो आपल्या 'फार'चेच काम करतो. अनुवादाचे वर्ग घेणाऱ्याला ही गंमत ठाऊक असते. 'सो फार' म्हणजे 'आतापर्यंत', 'अॅज फार अॅज आय नो' म्हणजे 'माझ्या माहितीप्रमाणे', आणि 'फार फ्रॉम इट' म्हणजे तर सरळ नकार. स्थळ, काळ, मात्रा आणि निषेध या चारही ठिकाणी इंग्रजी एकच शब्द वापरते. मराठी मात्र तिथे प्रत्येक वेळी वेगळ्या शब्दाकडे वळते.

भाषांच्या अशा तुलनेतून कोणत्याही समाजाचे तत्त्वज्ञान थेट हाती लागते, असा प्रस्तुत लेखकाचा दावा नाही. शब्दकोश उघडून संस्कृतीचे सार काढण्याची पद्धत आपल्याकडे मध्यंतरी बरीच फोफावली होती. तिच्यातील बहुतेक निष्कर्ष उलट दिशेनेही तितक्याच सहजपणे काढता आले असते. तथापि एखादा शब्द कोणत्या क्रियापदांच्या संगतीत वावरतो, हे पाहणे वेगळे. संगत ही वहिवाटीची खूण असते, आणि वहिवाट ही नीतिविचाराची सामग्री असते. मराठीतील 'दूर' या शब्दाची संगत पाहिली, तर पाश्चात्य नीतिशास्त्रात 'अंतर' या विषयावर झालेल्या प्रदीर्घ चर्चेत एक गृहीतक तपासावाचून राहिले आहे, असे दिसू लागते. ते गृहीतक कोणते, हे दाखवणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांची थोडी उस्तवार करू. मराठीत अंतर सांगणारे तीन शब्द मुख्य आहेत : लांब, दूर आणि अंतर. 'लांब' हा 'लम्ब्' या धातूचा वंशज, म्हणजे लोंबणारा. याच घराण्यात 'विलंब' आहे आणि रसचर्चेतले 'आलंबन'ही आहे. लांबी आणि दूरता या दोन कल्पना मराठीने या एकाच शब्दात बसवल्या. दोर लांब असतो आणि गावही लांब असते. गाव लांब आहे असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात बहुधा वाट असते; ती पायांनी कापता येते. 'दूर'ची गोष्ट निराळी. तो संस्कृतात आहे तसाच फारसीतही आहे, आणि दोन्हीकडे एकाच जुन्या वारशाने आलेला आहे. निजामाच्या राज्यात परभणीकडच्या बाजारात एकजण मराठीत आणि दुसरा दखनीत 'दूर' म्हणत असेल, तर एकाच्या पाठीशी संस्कृत आणि दुसऱ्याच्या पाठीशी फारसी उभी होती. शब्द मात्र दोघांचा एकच होता.

तिसरा शब्द 'अंतर'. याच्याइतका दुतोंडी शब्द मराठीत क्वचितच सापडेल. अंतर म्हणजे मधली मोकळी जागा, आणि अंतर म्हणजे आतला गाभाही. 'अंतरीची खूण' जिथे पटते ते स्थान सर्वांत जवळचे. 'अंतर पडले' म्हणजे दुरावा आला. 'अंतर देणे' म्हणजे सोडून देणे, आणि 'अंतरणे' म्हणजे कायमचे मुकणे : ती माहेराला अंतरली, तो आईला अंतरला. परतत्त्व दूरही आहे आणि जवळही आहे, असे ईशोपनिषदाने विरोधाभासाच्या रूपाने मांडले. सामान्य मराठी बोलणाऱ्याने तो विरोधाभास एका शब्दात घालून रोजच्या वापराला काढला, आणि त्याचे त्याला काही वाटले नाही.

'दूर' हा शब्द एकटा उभा राहू शकत नाही. दूर म्हणताच 'कोणापासून' हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर बोलणाऱ्याने बहुधा गिळलेले असते. ज्याला उत्तर द्यावे लागत नाही, तो केंद्रस्थानी असतो. म्हणून या चर्चेसाठी एक स्थान निश्चित करून घेणे आवश्यक आहे. मी परभणी जिल्ह्यातील सोनपेठ घेतो. गोदावरीच्या दक्षिणेला, बीड जिल्ह्याच्या सीमेलगत असलेले हे तालुक्याचे गाव. रेल्वेसाठी गंगाखेड किंवा परळी गाठावी लागते. नदीला इकडे गंगाच म्हणतात; गंगाखेडच्या नावात ती आहेच.

सोनपेठवरून पाहिले असता 'दूर' या शब्दाचा राजकीय आशय फार स्पष्ट दिसतो. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, आणि त्यानंतरही १९५६ पर्यंत त्याची राजधानी हैदराबादच राहिली. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. गाव तसूभरही हलले नाही, पण राजधानी हलली. आणि कोसांच्या हिशेबाने पाहता ती जवळ आली नाही, लांब गेली. परभणीहून हैदराबादपेक्षा मुंबईच दूर. तरीही या स्थित्यंतराचे वर्णन 'आपल्या माणसांत येणे' असे झाले, आणि ते खोटे नव्हते. भाषेने अंतर कापले होते. पण भाषेने कापलेले अंतर सिंचनाने, रस्त्याने, शाळेने कापले गेले नाही, ही तक्रारही त्याच पिढीत सुरू झाली. १९८३ साली वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि १९८४ मध्ये तिने अहवाल दिला. त्या अहवालापासून 'अनुशेष' हा शब्द मराठवाड्याच्या सार्वजनिक भाषेत पक्का झाला. अनुशेष म्हणजे काय? अंतरच; मैलांऐवजी रुपयांत आणि हेक्टरांत मोजलेले. लक्षणीय बाब ही की 'अनुशेष' या शब्दात देणेकरी गृहीत आहे. 'मागास' म्हटले की मागे राहणाऱ्याचा दोष सूचित होतो. 'अनुशेष' म्हटले की कुणाकडून तरी येणे बाकी आहे, असा अर्थ होतो. अंतराच्या नावात जबाबदारीचा पत्ता लिहिला जाऊ शकतो, याचे हे एक चांगले उदाहरण. पुढील विवेचनात त्याची गरज पडेल.

आता नीतिशास्त्राकडे. अंतराने कर्तव्य कमी होते काय, हा प्रश्न युरोपीय विचाराने अठराव्या शतकात ठळकपणे विचारला. डेव्हिड ह्यूमने 'ट्रीटीज'मध्ये (१७३९-४०) म्हटले की सहानुभूती सान्निध्यावर अवलंबून असते, आणि नैतिक निर्णयासाठी तिला सामान्य दृष्टिकोनाने दुरुस्त करून घ्यावे लागते. अॅडम स्मिथने आपल्या नैतिक भावनांवरील ग्रंथात चीनमधील भूकंपाची कल्पना केली : ते विशाल राष्ट्र गडप झाल्याची वार्ता ऐकून युरोपातील सज्जन हळहळेल आणि रात्री गाढ झोपेल, उद्या करंगळी कापली जाणार असेल तर मात्र त्याला झोप येणार नाही. हे उदाहरण अर्धेच सांगण्याची प्रथा पडली आहे. स्मिथचा पुढचा प्रश्न असा की, त्या करंगळीसाठी तो सज्जन त्या असंख्यांचा बळी द्यायला तयार होईल काय? नाही, असे तो म्हणतो. आणि भावना इतकी क्षीण असताना हा नकार येतो कोठून, याचा शोध हा त्याचा खरा विषय आहे. पुढे बाल्झाकच्या 'पेर गोरिओ' (१८३५) या कादंबरीत हाच प्रश्न चिनी मांदारिनच्या रूपाने परत आला : पॅरिसमध्ये बसून, जागेवरून न हलता, चीनमधला एक म्हातारा मारून श्रीमंत होता येत असेल तर? कार्लो गिन्झबर्ग यांनी १९९४ च्या एका निबंधात या मांदारिनची वंशावळ ॲरिस्टॉटलपर्यंत मागे नेली आहे.

विसाव्या शतकात या प्रश्नाला सर्वांत कठोर उत्तर पीटर सिंगर यांनी दिले. पूर्व बंगालमधील निर्वासितांचे हाल समोर ठेवून १९७१ च्या अखेरीस लिहिलेला आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध सर्वपरिचित आहे. उथळ तळ्यात मूल बुडत असेल तर कपडे चिखलाने माखतील म्हणून आपण थांबत नाही. मग दहा हजार मैलांवरचे मूल मरत असेल तर थांबण्याचे कारण काय? अंतर हे नैतिकदृष्ट्या अप्रस्तुत आहे, हा त्यांचा सिद्धांत. निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी महाराष्ट्रात, आणि मराठवाड्यात विशेष तीव्रतेने, दुष्काळ पडला होता. बहात्तरचा दुष्काळ ही इकडच्या आठवणींची एक कालगणनाच आहे. माणसांची वयेही त्यावरून सांगतात. त्या दुष्काळाच्या कामांतून रोजगार हमीची कल्पना बळावली, १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले, आणि पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याला तिचा आधार झाला. त्या २००५ च्या कायद्यात एक तरतूद होती, तिच्याकडे नीतिशास्त्राच्या अभ्यासकांचे लक्ष जावयास हवे होते. काम गावापासून पाच किलोमीटरच्या आत द्यावे. त्याहून दूर दिल्यास मजुरीत दहा टक्के वाढ द्यावी. अंतर अप्रस्तुत आहे की नाही, यावर तत्त्वज्ञ वाद घालत असताना कायद्याने 'दूर'ची व्याख्या आणि किंमत दोन्ही ठरवून टाकली होती.

सिंगर यांच्या युक्तिवादाचे बळ मान्य आहे. त्याला दिली गेलेली बहुतेक उत्तरे मला सोयीची वाटतात, खरी वाटत नाहीत. माझा आक्षेप त्यांच्या निष्कर्षाला नाही; तो तळ्याला आहे. तळ्याचे उदाहरण दृष्टान्त म्हणून काम करते, कारण जवळच्या मुलाला आपण वाचवतोच, हे त्यात निर्विवाद मानले आहे. जवळचे कर्तव्य सिद्ध, दूरचे साध्य. सिद्धाकडून साध्याकडे जायचे. या मुलखात ही पहिली पायरीच सिद्ध नाही. महाडचे चवदार तळे त्या गावातल्या अस्पृश्यांपासून किती मैल दूर होते? १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने बोले यांचा ठराव संमत केला, पाठोपाठ महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचे ठरवले, आणि तरीही २० मार्च १९२७ पर्यंत त्या पाण्यापर्यंतची चार पावले कापली गेली नव्हती. कापली गेल्यावर काय झाले, हेही ठाऊक आहे : माणसांना मारहाण झाली, आणि तळ्याची शुद्धी करण्यात आली. तेव्हा आपल्या नीतिशास्त्राला तळ्याचा दृष्टान्त घ्यायचाच असेल, तर प्रश्न असा विचारावा लागतो : काठावर उभ्या असलेल्या आणि तहानलेल्या मुलाला पाण्यापासून दूर कोणी ठेवले?

येथे 'दूर'ची संगत उपयोगी पडते. इंग्रजी 'फार' प्रामुख्याने स्थिती सांगतो. हाकलण्यासाठी, ठेवण्यासाठी, बाजूला सारण्यासाठी ती भाषा दुसरे शब्द घेते. मराठीत मात्र 'दूर' क्रियापदांच्या गराड्यात असतो : दूर करणे, दूर ठेवणे, दूर सारणे, दूर लोटणे, दूर बसवणे, आणि नुसते आज्ञार्थी 'दूर हो'. 'दूर करणे' या प्रयोगाची कर्मे तर पाहण्याजोगी आहेत : दुःख दूर करतात, अज्ञान दूर करतात, शंका दूर करतात, घाण दूर करतात; आणि माणसेही दूर करतात. अर्थात इथे 'लांब'ही फारसा मागे राहत नाही. ग्रामीण बोलीत 'लांब हो' तितक्याच सहजतेने ऐकू येते. मुद्दा शब्दाच्या एकाधिकाराचा नाही. मुद्दा असा की, या भाषेत दूरता ही पुष्कळदा भूगोलाने दिलेली वस्तू नसते. ती एक कृती असते. तिला कर्ता असतो, कर्म असते, आणि भूतकाळही असतो.

या कृतीची सर्वांत स्थिर खूण म्हणजे गावकूस. गावकुसाच्या आतला आणि बाहेरचा यांच्यामधले अंतर हाकेचे, आणि व्यवहार रोजचा. हाक हे इथे मोजमापही होते आणि हुकूमही. हाक जाईल इतके जवळ आणि शिवता येणार नाही इतके दूर, अशा मापाने वस्ती बसवलेली. केरळात तर कोणत्या जातीने किती पावले दूर थांबावे, याची मोजणी होती. १९२४-२५ चा वायकोमचा सत्याग्रह देवळात शिरण्यासाठी नव्हता, देवळालगतच्या रस्त्यांवरून चालण्यासाठी होता. पंढरपुरात चोखामेळ्याची समाधी महाद्वारासमोर, बाहेर आहे. नामदेवांची पायरी तिथून जवळच. गंगाखेडची जनाबाई पंढरपुराला नामदेवांच्या घरी पोचली. एका दासीने गोदाकाठ ते भीमाकाठ हे अंतर कापले. चोखोबाला महाद्वार ओलांडता आले नाही. मैलांचे अंतर कापता येते आणि पायऱ्यांचे येत नाही, ही गोष्ट वारकरी परंपरेला ठाऊक होती. तिने तिचे दुःख केले, तिला तोड काढली नाही, असे मला वाटते. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा कुठे ते दार उघडले.

घरातही 'दूर' होतेच. मासिक पाळीच्या दिवसांत बाईने 'दूर बसणे' किंवा 'बाहेर बसणे' हा प्रयोग कोणत्याही मराठी वाचकाला समजावून सांगावा लागणार नाही. एकाच छपराखाली, कोपऱ्यात, वेगळ्या भांड्यांसह. निदान चार दिवस विसावा तरी मिळे, असे त्याचे समर्थन होत आले आहे, सुशिक्षितांकडून अधिक. विसाव्याची गरज मान्य करून तो देता आला असता. तो विटाळाच्या नावाने दिला गेला, म्हणजे विसावा हा हेतू नव्हता. तो उरलेला होता.

तेव्हा दोन प्रकारची अंतरे मानावी लागतील : असलेले अंतर आणि केलेले अंतर. सिंगर यांचा सिद्धांत पहिल्या प्रकाराविषयी आहे, आणि तिथे तो बहुधा खरा आहे. दुसऱ्या प्रकारात प्रश्नाचे स्वरूपच पालटते. असलेल्या अंतरापलीकडच्या माणसाविषयीचे कर्तव्य साहाय्याच्या जातीचे आहे. केलेल्या अंतरापलीकडच्या माणसाविषयीचे कर्तव्य ऋणाच्या जातीचे आहे. साहाय्य करणारा उदार ठरू शकतो. देणे फेडणाऱ्याला ती संधी नसते. 'अनुशेष' या शब्दाकडे मघाशी लक्ष वेधले ते याच कारणाने.

येथे साहित्यविचाराच्या बाजूने एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. अंतर हे सर्वत्र पापच आहे काय? कलानुभवाचा पाया अंतर हाच नाही काय? एडवर्ड बुलो यांनी १९१२ च्या निबंधात 'मानसिक अंतरा'ची कल्पना मांडली. समुद्रावरील धुके प्रवाशाला भीतिदायक असते, पण व्यावहारिक चिंतेपासून अंतर घेतले की तेच धुके सुंदर दिसते. ही कल्पना मराठी समीक्षेत पुरेशी मुरलेली आहे. आपल्या परंपरेत भट्टनायकाचे साधारणीकरण आणि अभिनवगुप्ताची रसविघ्नांची चर्चा याच्याशी ताडून पाहिली जाते. पण दोन्हींत एक फरक आहे, आणि तो ताडून पाहणाऱ्यांनी पुरेसा जपलेला नाही. बुलोचे अंतर प्रेक्षक आणि वस्तू यांच्यामधले आहे. अभिनवगुप्ताला अभिप्रेत असलेली गोष्ट अंतर वाढवण्याची नाही. 'हे माझे', 'हे शत्रूचे', 'हे तटस्थाचे' असे जे संबंधाचे शिक्के भावावर असतात, ते गळून पडण्याची आहे. आपले आणि परके ही दोन्ही विशेषणे एकाच वेळी सुटली पाहिजेत. परके हे विशेषण जसेच्या तसे ठेवून घेतलेले अंतर हे साधारणीकरण नव्हे. ते बहिष्काराचे सभ्य रूप होय.

मराठी समीक्षेला हा फरक शिकवला तो दलित साहित्याने. नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' (१९७२, पुन्हा तेच वर्ष) विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. तेंडुलकरांसारख्या मुंबईकर लेखकाला त्याच मुंबईतील एका वस्तीच्या शब्दांशी झगडावे लागते, ही घटना बुलोच्या कोष्टकात बसत नाही. इथे कलात्मक अंतर पडायच्या आधीच सामाजिक अंतर पडलेले आहे, आणि वाचक त्या दुसऱ्या अंतरालाच पहिले समजून आस्वाद घेऊ पाहतो. दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) नंतर आत्मकथनांवर 'कलात्मक तटस्थतेचा अभाव' असा आक्षेप वारंवार घेतला गेला. तो प्रामाणिकपणेही घेतला गेला असेल. पण लेखकाने आपल्याच जगण्यापासून किती दूर उभे राहावे, हे माप कोणाच्या अंगणातून घेतले होते, हे त्या चर्चेत क्वचितच विचारले गेले. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या पुस्तकाने तो प्रश्न सिद्धांताच्या पातळीवर आणला. त्यातील सर्व उत्तरे मला पटतात असे नाही. प्रश्नाची रास्तता मात्र मान्य केली पाहिजे.

आणखी एक बाजू आहे. दूर जाणे हे पीडिताचे शस्त्रही असते. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानसभेत खेड्याविषयी जे कठोर मत मांडले, त्यामागे हे ज्ञान होते : ज्या जवळिकीत शिवाशिव असते, तिच्यापासून लांब जाणे ही मुक्तीची पहिली पायरी असू शकते. १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू झाले, आणि मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून मुले तिथे आली. त्यांच्या दृष्टीने गाव दूर होणे ही हानी नव्हती. लेव्हिनास यांच्या विचारात पराला पर म्हणून राहू देणे, त्याला आपल्यात गिळून न टाकणे, हीच नीतीची सुरुवात आहे. इंग्रजी 'फार'चा संस्कृत आप्त 'पर' आहे हे आरंभी सांगितले. त्या 'पर'मध्ये पलीकडचा, दुसरा आणि श्रेष्ठ असे तिन्ही अर्थ आहेत. मराठीत त्याचे 'परका' झाले तेव्हा तिसरा अर्थ गळाला. अंतर राखण्याचा अधिकार ज्याचा त्याला असेल, तर ते अंतर आदराचे होते. तो अधिकार एकाच बाजूकडे असेल, तर ते गावकूस होते. अंतर किती आहे यापेक्षा ते ठरवतो कोण, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

हे सर्व गतकाळाचे आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून सोनपेठकडे परत येतो. बीडला लागून असलेल्या या पट्ट्यातून, गंगाखेड, सोनपेठ, पाथरीच्या गावांतून, दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि हंगाम संपला की परततात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. एकटा माणूस 'अर्धा कोयता'. मुकादमाकडून 'उचल' घेतलेली असते, ती फेडेपर्यंत सुटका नाही. कामावर एक दिवस गेला नाही तर 'खाडा', आणि खाड्याचा दंड. पोरे कधी बरोबर, कधी म्हाताऱ्यांपाशी, कधी हंगामी वसतिगृहात.

यात असलेले अंतर किती आणि केलेले किती? शेकडो किलोमीटर असलेले आहेत. पण मजूर एकदा कारखान्याच्या परिसरात पोचला की तो कारखान्यापासून दूर कसा राहतो, हे पाहण्याजोगे आहे. त्याची कोपी गावाबाहेर असते. तो कारखान्याचा कामगार नसतो. करार मुकादमाशी, मुकादमाचा वाहतूकदाराशी, आणि त्याच्या पलीकडे कारखाना. ज्याचा ऊस तोडतो तो शेतकरी मालक नव्हे, ज्याच्यासाठी तोडतो तो कारखानाही मालक नव्हे. मध्यस्थांची ही साखळी म्हणजे अंतर निर्माण करण्याचे यंत्र आहे. चहात साखर घालणारा आणि ऊस तोडणारा यांच्यातील नाते मांदारिनच्या गोष्टीइतके अमूर्त भासते ते या यंत्रामुळे, भूगोलामुळे नव्हे. बाल्झाकच्या नायकाला बोट तरी हलवावे लागले असते. इथे तेही नको.

याच यंत्राने घरातल्या 'दूर बसण्या'चे काय केले, हेही पाहिले पाहिजे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न चव्हाट्यावर आला, आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पुढे आलेल्या कारणांत डॉक्टरांनी घातलेली भीती होती, लहान वयातली लग्ने आणि बाळंतपणे होती, आणि पाळीच्या दिवसांतला खाडाही होता. घरी जिला चार दिवस दूर बसवले जाते, तिला फडात एक दिवसही दूर बसता येत नाही. एका ठिकाणी अंतराची सक्ती, दुसऱ्या ठिकाणी अंतराला बंदी. ठरवण्याचा अधिकार दोन्हीकडे तिचा नाही. सिंगर यांच्या तराजूत हे वजन कुठे ठेवायचे, हे मला दिसत नाही. या बाईला दूरच्या कुणी दान करावे, असे तिचे मागणे नाही. ऊस कोणासाठी तोडला जातो, याचे उत्तर एका नावाने मिळावे आणि त्या नावावर जबाबदारी लिहिली जावी, इतकेच मागणे आहे. ऊसतोड कामगारांच्या संघटना मुकादमाला डावलून कारखान्याशी थेट नाते मागत आल्या आहेत, त्याचा नैतिक अर्थ हाच आहे : दर वाढवा ही मागणी अंतराच्या आतली आहे, मालक कोण ते सांगा ही मागणी अंतराविरुद्धची.

हंगामात या भागातल्या एखाद्या कुलूपबंद घराविषयी शेजारी विचारले, तर घरची माणसे दूर गेली असे उत्तर सहसा येत नाही, आणि कोल्हापूर, सांगली, बेळगाव यांपैकी कोणत्याही गावाचे नावही बहुधा येत नाही. 'उसाला गेलेत', एवढेच सांगतात.